गळ्याची गाठ आणि ‘एहिपस्सिको’

आपल्या वस्त्यांत कर्करोग हा शब्द अजूनही मोठ्याने उच्चारला जात नाही. ‘तिला ते झालंय’ एवढेच कुजबुजत सांगतात. ज्या आजाराचे नावही घेता येत नाही, त्याची तपासणी तरी कशी होणार? त्यातून बाईमाणसाचे दुखणे सर्वांत शेवटी. आधी मुलांची फी, मग घरभाडे, मग नवऱ्याचे औषध, आणि काही उरलेच तर तिचे. थायरॉईडचे विकार मात्र पुरुषांपेक्षा स्त्रियांतच जास्त. थायरॉईडचा कर्करोगही त्यांच्यात सुमारे तिपटीने अधिक आढळतो. म्हणून हा विषय आपल्या कुटुंबांपुढे मांडावासा वाटला.

माझी थोरली बहीण अंगणवाडी सेविका आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्याला पुढच्या बाजूने गाठ दिसू लागली. दुखत नव्हती, पण घोट गिळला की वर-खाली सरकायची. कोणी म्हणाले, गलगंड असेल, मीठ बदला. नात्यातल्या एका मामांनी अंगाऱ्याची भाषा काढली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा येणार नाही, असे अक्कानेच त्यांना ऐकवले आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी रक्तातील टी.एस.एच. तपासायला सांगितले आणि गळ्याची सोनोग्राफी लिहून दिली. आई गोंधळली. सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाईची, दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी. गळ्यात काय बघणार?

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडतात आणि परत येणाऱ्या लहरींवरून पडद्यावर चित्र उमटते. थायरॉईड ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी कातडीच्या अगदी जवळ असल्याने तिचे चित्र स्पष्ट येते. गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, कडा सारख्या आहेत की वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक पांढरे कण आहेत का, गाठ रुंदीपेक्षा उंचीला जास्त आहे का, हे डॉक्टर पाहतात. त्यावरून ‘टायरॅड्स’ नावाची १ ते ५ अशी श्रेणी देतात. १ म्हणजे निर्धोक, ५ म्हणजे दाट संशय. शिवाय मानेच्या बाजूच्या गाठीही बघून घेतात.

अक्काची गाठ २.२ सेंटिमीटरची, श्रेणी ५. घरात चूल पेटली नाही. पण संशय म्हणजे निदान नव्हे. मी कॉमर्सचा विद्यार्थी. एका पावतीवरून कोणी ताळेबंद मांडत नाही, एवढे मला कळते. पडद्यावरच्या चित्राने संशय कळतो. खात्री होते ती बारीक सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. सोनोग्राफीत बघत बघत सुई नेमकी गाठीत नेतात. काही मिनिटांचे काम आहे, भूल देऊन कापाकापी नाही. सुईने कर्करोग पसरतो, या भीतीने पुष्कळ बायका माघारी फिरतात. ती भीती मनातून काढून टाकावी.

मधल्या काळात एका खाजगी ठिकाणी आम्हाला लगेच शिरेतून औषध देऊन सी.टी. स्कॅन काढा, असा आग्रह झाला. आमच्या सर्जनने थांबवले. त्या औषधात आयोडीन असते. ते शरीरात भरले की पुढे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार द्यायचा झाल्यास काही आठवडे थांबावे लागते. गाठ खोल उतरली असेल, श्वासनलिका दाबली जात असेल, तर तो स्कॅन काढावाच लागतो. अक्काला तशी गरज नव्हती. महागडी तपासणी ती चांगली तपासणी, असे समीकरण नाही.

थायरॉईडचा आणखी एक स्कॅन असतो. किरणोत्सारी द्रव्याचा अल्प अंश देऊन कोणता भाग ते शोषतो, हे गॅमा कॅमेऱ्याने पाहतात. टी.एस.एच. कमी असेल तेव्हा तो मुख्यतः उपयोगी पडतो. द्रव्य शोषणारी गाठ ‘गरम’, न शोषणारी ‘थंड’. गरम गाठीत कर्करोग क्वचितच असतो. थंड गाठीत असू शकतो, पण बहुतेक थंड गाठीही साध्याच निघतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा प्रकारचे काम करीत आले आहे.

अक्काचा अहवाल ‘पॅपिलरी’ प्रकारचा कर्करोग असा आला. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. शस्त्रक्रिया झाली. मग किरणोत्सारी आयोडीन देऊन तिला वेगळ्या खोलीत ठेवले. कोणी जवळ जायचे नाही, तिची भांडी वेगळी. आई दारातच रडू लागली. तिने लहानपणी गावच्या विहिरीवर लांब उभे राहून पाणी मागितले आहे. ती म्हणाली, “पुन्हा शिवायचं नाही आलं का रे आपल्या वाट्याला?” तिथल्या परिचारिका ताईंनी तिला बाजूला बसवून समजावले, “आजी, ही जातीची शिवाशिव नाही. औषधाचे किरण इतरांना लागू नयेत म्हणून थोडे दिवस. साहेबाची बायको असती तरी इथंच ठेवली असती.” आईने डोळे पुसले. नंतरच्या स्कॅनमध्ये कुठे काही उरलेले दिसले नाही. आज अक्का रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि अंगणवाडी चालवते.

गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त आमच्या विहारात आरोग्य शिबिर ठरले. एका तपासणी केंद्राने सर्व महिलांच्या गळ्याची सोनोग्राफी मोफत करून देऊ, असे कळवले. तरुण कार्यकर्ते खूष झाले. मी विरोध केला. एकाने विचारले, “काका, तुमच्या बहिणीचा जीव त्यानेच वाचला ना?” प्रश्न रास्त होता.

अक्काला गाठ दिसत होती, म्हणून तपासणी झाली. काहीच त्रास नसलेल्या शेकडो बायकांचे गळे तपासले तर बारीकसारीक गाठी पुष्कळ सापडतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. काही अगदी लहान कर्करोगही जन्मभर त्रास देत नाहीत. दक्षिण कोरियात १९९९ नंतर सरकारी कर्करोग तपासणीच्या जोडीला थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉईड कर्करोगाचे निदान १९९३ च्या १५ पट झाले, पण मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. हजारो निरोगी माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यांना जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला, काहींचे कॅल्शियम बिघडले. शेवटी २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनीच याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया कमी झाल्या.

समितीने ते मान्य केले. त्याऐवजी रक्तदाब, मधुमेह, हिमोग्लोबिन आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी ठेवली.

मग गळ्याची तपासणी केव्हा करावी? गाठ दिसली किंवा वाढू लागली, आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला, गिळताना अडू लागले, मानेत गाठी आल्या, घरात कोणाला हा कर्करोग झालेला असला किंवा लहानपणी मानेला किरणोपचार झालेले असले, तर एक दिवसही लांबवू नका. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. तो मागताना मान खाली घालू नका.

धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. कालामांनाही तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असेच सांगितले. अंगाऱ्यावर विसंबायचे नाही, तसेच मोफत पॅकेजच्या जाहिरातीवरही नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर घरच्या बायकांना एवढेच विचारा, “तुझे काही दुखते का?” आणि त्या जे सांगतील ते नीट ऐकून घ्या.

जयभीम!