क्षमाशील लोखंड

आमचे दादा गारगोटीस तीस वर्षें गणित शिकवून निवृत्त झाले आणि एकसष्टाव्या वर्षीं गोल्फ खेळूं लागले. ह्यांतील पहिली गोष्ट साऱ्या भुदरगड तालुक्यास ठाऊक आहे. दुसरीवर अजून कित्येकांचा विश्वास बसत नाहीं. चिरंजिवांकडे पुण्यास चार महिने राहण्याचा योग आला. डॉक्टरांनीं चालणें सक्तीचें केलें होतें, आणि नुसतें चालत सुटणें हा दादांच्या मतें वेळेचा अपव्यय. तेव्हां मुलानें त्यांना गोल्फच्या सरावाच्या मैदानावर नेलें. तेथें पहिल्याच दिवशीं एक चेंडू असा कांहीं उडाला, कीं घरीं येऊन त्यांनीं त्याच्या मार्गाचें समीकरण वहिनींना समजावून सांगितलें. वहिनींनीं तें आमटीवर लक्ष ठेवून ऐकलें.

पुढचा प्रश्न काठ्यांचा. ह्या खेळांत नियमानें चवदापर्यंत काठ्या जवळ बाळगतां येतात; त्यांतील लोखंडी पात्याच्या काठ्यांस ‘आयर्न’ म्हणतात. त्यांचे ढोबळ मानानें दोन प्रकार. एक जुन्या वळणाचा, घडीव, पातळ पात्याचा, तलवारीसारखा देखणा. दुसरा पाठीमागें पोकळ, कडांना जाड, तळाला रुंद आणि दिसण्यांत थोडा बोजड. पहिल्याचा फटका पात्याच्या बरोबर मध्यावर बसला तर त्याचें सुख अवर्णनीय. पण तो जरासा बाजूला पडला कीं चेंडू वाट सोडतो, तोकडा पडतो, आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. दुसरा अशी चूक पुष्कळ अंशीं पदरांत घेतो. ह्या गुणास इंग्रजींत जें विशेषण लावतात त्याचा अर्थच मुळीं ‘क्षमाशील’ असा आहे.

त्या विशेषणानेंच सारा घोटाळा केला. दादांना क्षमेचें वावडें. एक चिन्ह चुकलें तर सबंध उदाहरण पुन्हां करावयास लावणारे हे शिक्षक! “चूक झाली कीं हाताला कळली पाहिजे. काठीच ती पोटांत घालूं लागली, तर शिकणार कोण?” असा त्यांचा सवाल. मुलानें वडिलांसमोर मान खालीं घातली आणि मला फोन केला, “काका, आप्पांना तुम्हीच सांगा.”

दादांचें म्हणणें मला पोरकट वाटलें नाहीं. आमच्या कोल्हापुराकडे तालमींत वाढलेलीं माणसें हेंच म्हणतील. परंतु तालमींतही वस्ताद नव्या पोराच्या हातीं पहिल्याच दिवशीं वजनदार जोडी देत नाहींत. शिवाय शिक्षेनें शिकावयाचें, तर ती कशाबद्दल झाली हें समजावें लागतें. नवशिक्याच्या एका फटक्यांत पाय, खांदा, मनगट, नजर आणि घाई अशा पांच चुका एकत्र नांदत असतात. हात झिणझिणला, एवढेंच त्याला कळतें. आणि एकसष्टीच्या मनगटानें रोज पन्नास झिणझिण्या सोसल्या, तर महिन्याभरांत काठी कोपऱ्यांत जावयाची. मला खरी भीति तीच होती. निवृत्तीनंतर दादा किती तरी दिवस खिडकीपाशीं नुसते बसून असत, तें आम्हीं सर्वांनीं पाहिलें होतें.

उपदेशानें ते बधणार नव्हते; गणितानें बधण्याचा संभव होता. पुण्यास जाऊन मीं कावडीचा दृष्टान्त दिला. दोन घागरी छातीशीं धरल्या तर माणूस जागच्या जागीं चटकन् वळतो. त्याच घागरी कावडीच्या दोन टोकांना टांगल्या, कीं वळणें जड जातें. पोकळ पाठीच्या काठींत मधलें लोखंड काढून कडांना दिलेलें असतें. म्हणून चेंडू टोकाकडे लागला तरी पातें फारसें फिरत नाहीं. “म्हणजे जडत्वाघूर्ण! अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढणार,” दादा म्हणाले. मग मीं कार्स्टन सोल्हाइम ह्यांची हकीकत सांगितली. जन्म नॉर्वेंत, १९११ सालीं. नोकरी अमेरिकेंत, अभियंत्याची. खेळाचा आरंभ चाळिशी उलटल्यावर. चेंडू खळग्यांत लोटण्याची काठी ऐकेना, म्हणून १९५९ सालीं त्यांनीं दोन टोकांना वजन असलेली काठी घरींच केली, आणि तिच्या आवाजावरून तिला ‘पिंग’ म्हटलें. पुढें तेंच तत्त्व आयर्नना लागलें. सोल्हाइम दादांना आवडले. विशेषतः त्यांचा उशीर.

तरी निकाल लागला तो पावडरीनें. रविवारीं आम्हीं दोन्ही प्रकारची एकेक सात नंबरी काठी मागून घेतली आणि पात्यांवर पायांच्या पावडरीचा फवारा मारला. चेंडू लागेल तेथें ठसा उमटतो. दादांनीं वीस वीस फटके मारून वहींत नोंद केली. मध्यावरचे ठसे एकीवर तीन, दुसरीवर चार; म्हणजे कौशल्य जवळपास सारखेंच. चेंडू मात्र पहिलीचे मैदानभर विखुरलेले, दुसरीचे बऱ्याच आटोपशीर जागेंत. वही मिटून ते म्हणाले, “चूक कोठें झाली हें पावडर दाखवतेच आहे. मग काठीनें वर मारावें कशाला?”

दुकानांत दादांनीं काठीचा नंबर न विचारतां पात्याचा कोन विचारला. पूर्वीं सात नंबरीचा कल चौतीस अंशांच्या आसपास असे; हल्लींच्या कित्येक क्षमाशील काठ्यांत तो तिसांवर किंवा त्याहूनही खालीं आला आहे, त्यामुळें ‘माझी सात नंबरी फार दूर जाते’ ह्या बढाईंत फारसा अर्थ नाहीं. दुकानदार जरा गांगरला. रुंद तळ मऊ जमिनींत रुतत नाहीं हें खरें. पण भात कापल्यावर आमचीं गारगोटीचीं रानें वाळून टणक होतात, आणि तेथें अतिरुंद तळ उसळून चेंडूच्या डोक्यावर आदळतो. म्हणून तळ मध्यम घेतला. मनगटासाठीं दांडे हलक्या ग्रॅफाइटचे. सहापासून नऊपर्यंत चार आणि एक ‘वेज’, अशा पांचच, त्याही वापरलेल्या. नवशिक्यानें चवदांचा भार वाहण्याचें कारण नाहीं.

दादा आतां गारगोटीस परत आले आहेत. सकाळीं रिकाम्या रानांत छिद्रांचे प्लॅस्टिकचे चेंडू उडवितात. पावडरीचा डबा बांधावर असतो. सुटीला आलेलीं नातवंडें चेंडू वेचून आणतात आणि दहा चेंडूंमागें मूठभर भडंग असा दर त्यांनीं आजोबांकडून ठरवून घेतला आहे. तो वाढवून मागण्याचा त्यांचा विचार आहे, असें वहिनी सांगत होत्या.