सूत्र आणि वर्गमूळ

शाळा सुटली तरी शिकविण्याची खोड सुटत नाहीं. आमच्या नातवानें रेडिओ जुळविण्यास घेतला आणि त्याचें सूत्र आम्हांस घडाघडा म्हणून दाखविलें: वेटोळ्याची प्रवर्तकता व कंडेन्सरची धारिता यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ काढावें, त्यास ६.२८ नें गुणावें व त्यानें एकास भागावें, ती कंपनसंख्या. आम्हीं विचारिलें, "बाळ, धारिता निम्मी केली तर?" "कंपनसंख्या दुप्पट, आजोबा!" सूत्र मुखीं होतें, वर्गमूळ मनांत उतरलें नव्हतें. वाढ अवघी १.४१ पट होते.

मग वहीवर हिशेब मांडिला. २०० मायक्रोहेन्रीचें वेटोळें व १२६.६५ पिकोफॅरडचा कंडेन्सर यांचा स्वर सेकंदास १० लक्ष आंदोलनांचा. निम्म्यावर यावयाचें तर धारिता चौपट, म्हणजे ५०६.६ हवी. सतारीची तरफ आपल्याच स्वरास झंकारते, तसेंच हें मंडल आपल्याच लहरीस साद देतें.

विल्यम टॉमसन यांनीं १८५३ सालीं, रेडिओच्या जन्मापूर्वीं, हें गणित मांडिलें. आम्ही स्वतः पाठांतरावर वाढलों. त्यास नांवें ठेवणार नाहीं. परंतु आंकडे घालून पडताळल्यावांचून पाठ केलेलें सूत्र आपलें होत नाहीं, एवढें मात्र पालकांनीं ध्यानांत ठेवावें.