दुसरा कौल

घर बांधायचे असो वा सोयरीक जुळवायची असो, देवीपुढे प्रसाद-पाकळी लावून कौल घेण्याची चाल आपल्या पेडणे-डिचोली भागात जुनी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दाराबाहेर बसून आम्ही अशाच एका कौलाची वाट पाहत होतो. तो यायचा होता प्रयोगशाळेतून.

कवटी उघडल्यावर गाठीचा कण प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे तो गोठवून त्याचे पातळ काप घेतात, रंगवतात आणि विकृतिशास्त्रज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यालाच ‘फ्रोझन सेक्शन’ म्हणतात. यात वीस-तीस मिनिटे सहज जातात. शिवाय बर्फाच्या स्फटिकांमुळे पेशींची ठेवणही बिघडू शकते. मात्र पुढचे सारे या कौलावर अवलंबून. गाठ ग्लायोमा असेल तर वाणी व हातपाय सांभाळून शक्य तेवढी काढायची. लिम्फोमा असेल तर बहुधा नमुन्यावरच थांबून औषधोपचाराकडे वळायचे. बहीण घड्याळावरून नजर काढीत नव्हती. निरोप आला तो ग्लायोमाचा. मेहुणे पुढे दीड वर्ष होते आणि अखेरपर्यंत नातवंडांशी बोलत होते.

ही प्रतीक्षा आखूड करणारी पद्धत आता उपलब्ध झाली आहे आणि तिचे मूळ आपल्याच देशात आहे. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश आपला रंग बदलतो व त्यावरून रेणूंची ओळख पटते, हा चंद्रशेखर वेंकट रामन यांचा २८ फेब्रुवारी १९२८ रोजीचा कोलकात्यातील शोध. त्याच तत्त्वावरील ‘स्टिम्युलेटेड रामन हिस्टॉलॉजी’त ताज्या नमुन्यावर दोन लेसर किरण टाकून मेद आणि प्रथिने यांतील भेद टिपतात. गोठवणे नाही, रंगवणे नाही. चित्र थेट पडद्यावर उमटते. अमेरिकेतील २७८ रुग्णांचा अभ्यास २०२० साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या चित्रांवरून संगणकाने दीडशे सेकंदांच्या आत निदान केले. त्याची अचूकता ९४.६ टक्के भरली, तर रूढ पद्धतीने पाहणाऱ्या तज्ज्ञांची ९३.९ टक्के.

दोघांच्या टक्केवारीत फरक फारसा नाही. मला मोलाची वाटली ती त्याच अभ्यासातील दुसरी नोंद : यंत्र जेथे चुकले तेथे तज्ज्ञ बरोबर होते आणि तज्ज्ञ चुकले तेथे यंत्र. सरकारी सेवेत एखाद्या फाईलीवर परस्परांशी न बोललेल्या दोघांचे शेरे जुळले की सही करताना हात कापत नसे. जुळले नाहीत तर ती फाईल पुन्हा वाचली जाई. शस्त्रक्रियागृहातही यंत्राने तज्ज्ञाची खुर्ची घेऊ नये. त्याच्या शेजारी आपला शेरा मांडावा.

आपल्यासारख्या छोट्या राज्यात याचे महत्त्व अधिक. मेंदूच्या ऊतींचे खास जाणकार सर्वत्र थोडेच. पण पडद्यावरचे चित्र दूरच्या जाणकाराकडेही क्षणात पोहोचू शकते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बांबोळी गाठणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या माणसाला असा दुसरा कौल मिळू लागला, तर बाहेर बसलेल्यांची काही मिनिटे वाचतील; आतल्याची कदाचित वाणी वाचेल.