टोगा पांढरा कुणी केला?

कापड आधी अंग झाकतं, मग माणूसच झाकून टाकतं. गिरणीच्या ब्लिचिंग खात्यात पाच वर्षं काढल्यावर एवढं तर कळतंच. पांढरंशुभ्र कापड फाटकाबाहेर गेलं की साहेबाचं, आणि क्लोरिनचा वास तेवढा आमचा. म्हणून रद्दीतून रोमच्या इतिहासाचं पुस्तक आणलं तेव्हा राजे-लढाया सोडून मी आधी कपड्यांची पानं उलगडली. मग लायब्ररीत जाऊन आणखी वाचलं.

रोममध्ये टोगा म्हणजे नागरिकाची निशाणी. लोकरीचं भलंमोठं अर्धगोल कापड अंगरख्यावरून गुंडाळायचं. एकट्याला ते धड नेसता यायचं नाही, नेसवायला गुलाम लागायचा. नेसलं की डावा हात घड्या सांभाळण्यात अडकलेला. म्हणजे पोशाखच बोलायचा, बघा, मला राबावं लागत नाही. गुलामाला टोगा नाही, परक्यालाही नाही.

त्यातही पायऱ्या होत्याच. बड्या अधिकाऱ्याच्या टोग्याला जांभळी किनार. अंगरख्यावर सिनेटरला रुंद जांभळा पट्टा, त्याखालच्या घोडेस्वार वर्गाला अरुंद. हा रंग समुद्रातल्या गोगलगायींचा. १९०९ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १२,००० गोगलगायी खर्ची घातल्या, हाती लागला १.४ ग्रॅम. इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियननं भाव बांधून दिले. जांभळं रेशीम १,५०,००० दिनार पौंड, आणि शेतमजुराला जेवून-खाऊन रोज २५ दिनार. हिशेब मी पाळी सुटल्यावर मांडला. एका पौंडाला ६,००० दिवस, सोळा वर्षांवर मजुरी!

निवडणुकीला उभा राहणारा टोग्याला खडू चोळून झगझगीत करायचा. पांढऱ्याशुभ्राला लॅटिनमध्ये 'कँडिडस' म्हणत, त्यातूनच 'कँडिडेट' निघाला. पुढाऱ्याची पांढरी कापडं इतकी जुनी आहेत, दोस्तहो.

पण ती पांढरी करायचं कोण? धुलाईवाले. मूत मिसळलेल्या पाण्याच्या हौदात उभं राहून ते पायांनी कापड तुडवायचे. त्यात गुलामही असत. शिळ्या मुतातला अमोनिया लोकरीतला तेलकटपणा काढतो. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत असे हौद सापडलेत. सम्राट व्हेस्पेशियननं त्या मुतावरही कर बसवला. पोरानं नाक मुरडलं तेव्हा त्यानं नाणं त्याच्या नाकाशी धरलं, वास येतो का म्हणून, अशी गोष्ट सांगतात. पैशाला वास नसतो. अंगाला असतो, हे आमच्या खात्यात विचारा.

गुलामाच्या वाट्याला काय? थोरला केटो शेतीच्या पुस्तकात मालकांना शिकवतो, दर दोन वर्षांनी एक अंगरखा आणि एक घोंगडं द्या, पण जुनं आधी परत घ्या, त्याच्या गोधड्या होतात. फाटकंसुद्धा त्याचं नाही.

मला हलवलं ते सेनेकानं लिहून ठेवलेल्या एका हकिकतीनं. गुलाम आणि गरीब नागरिक रस्त्यात सारख्याच अंगरख्यात दिसायचे. म्हणून सिनेटमध्ये सूचना आली, गुलामांना वेगळा पोशाख ठरवून द्या. मग मालकांच्या ध्यानात आलं, उद्या यांनी एकमेकांकडं बघून आपल्याला मोजायला घेतलं तर? झालं, बेत गुंडाळला.

आपल्याकडं मनूला ती भीती वाटली नाही. चांडाळानं मेलेल्याचे कपडे घालावेत, असं त्यानं बेधडक लिहिलं. रोमचा गुलाम सुटला तर नमद्याची टोपी घालायचा, रीतसर सुटला तर नागरिक म्हणून टोगाही नेसायचा. बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता ताडून पाहिल्या आणि अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली. गुलामीतून सुटायला दार तरी होतं, म्हणाले. १९२७ साली महाडला बायांना लुगडं नीट, उंची जातीच्या बायांसारखं नेसा म्हणून सांगितलं, ते उगाच नाही.

मागं एका कचेरीत कामाच्या कपड्यांवर गेलो तर शिपायानं दारातच थोपवलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर "या, बसा." माणूस तोच, कागद तोच. आणि शर्टाचं कापड आमच्याच खात्यातनं पांढरं होऊन गेलेलं. बाप म्हणायचा, पोटाला कमी असलं तरी चालंल, शर्ट धुतलेला पायजे. तो का म्हणायचा ते आता कळतं.

सिनेट कपड्याला भ्याली नव्हती, आकड्याला भ्याली होती. म्हणून आता कुणाच्याही अंगावर पांढरं दिसलं, की मी आधी ते तुडवणारे पाय मोजतो. जांभळी किनार मागनं बघतो.