उंदरांचं औषधपाणी

आमचं शहापूर ते ठाणे जिल्ह्यातलं नव्हे, हे मला जन्मभर सांगत यावं लागलं आहे. आमचं भंडाऱ्याजवळचं, नागपूरच्या रस्त्यावरचं. भाताचा मुलूख. जिथे भात तिथे उंदीर. तेव्हा या विषयात आमच्याकडे कोणी अडाणी नाही. पिंजरा, मांजर, विषारी गोळ्या, बिळात धूर, सगळं करून मी मास्तरकीतून निवृत्त झालो. उंदराला बरं करणं तेवढं राहिलं होतं.

माझी मुलगी तेव्हा नागपूरला एम. फार्म. करत होती. एका शनिवारी ती घरी आली ती तोंड पाडूनच. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बाबा, माझ्या उंदरांना जंत झाले."

मी हसलो. हसायला नको होतं, पण शेजारचे रामभाऊ ओसरीवरच बसले होते. ते म्हणाले, "गुरुजी, उंदराले जंत झाले तं बरंच हाय ना! मरू द्या ना मंग!"

मुलगी रडायलाच लागली.

मग हळूहळू उलगडा झाला. प्रयोगशाळेतले हे उंदीर पांढरे, लाल डोळ्यांचे, वजनाला जेमतेम 25 ग्रॅम. त्यांच्यावर ती एका झाडपाल्याचा सुजेवर काय परिणाम होतो ते पाहत होती. चार महिने झाले होते. आणि आता कळलं, की त्यांच्या आतड्यात सुतासारखे बारीक जंत. सिफेशिया असं त्यांचं ठुसकेदार नाव. मादी गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. ती शोधायची कशी? तर पाकिटं बंद करायची चिकटपट्टी घ्यायची, उंदराच्या शेपटीखाली दाबायची, काढून काचेवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. अंडी केळ्याच्या आकाराची दिसतात. नोबेल मिळवणारं शास्त्र इतक्या घरगुती पायावर उभं असेल अशी मला कल्पना नव्हती.

"आजारी दिसतात का गं?" बायकोनं विचारलं.

"अजिबात नाही. खातात, पळतात. पण शरीराची प्रतिकारशक्ती बदलते. सूज उतरली ती माझ्या औषधानं की जंतांमुळे, हे कसं सांगणार?"

"वावडिंग दे. नाहीतर पळसाच्या बिया. तुला लहानपणी दिल्या होत्या."

"किती मिलिग्रॅम, आई?"

"चिमूटभर."

"25 ग्रॅमच्या जिवाला चिमूटभर?"

इथवर ठीक होतं. रात्री मात्र मी मनातल्या मनात आणखी सहा महिन्यांचं होस्टेल, खानावळ आणि फी यांची बेरीज केली, आणि जन्मभर पोरांना 'कॉपी करू नये' असं सांगणाऱ्या या मास्तरानं पोटच्या मुलीला सांगितलं, "दिसत नाहीत ना आजारी? मग तू चिकटपट्टी लावलीच नव्हतीस असं समज."

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. वर्गात चोरून गोळी थुंकणाऱ्या पोराकडे मी असाच बघत असे. 10 फेब्रुवारीला शाळांतून जंतनाशक दिन पाळतात, 2015 पासून. अल्बेंडाझोलची गोळी समोर उभं राहून चावायला लावायची. निम्मी पोरं ती जिभेखाली दडवत.

सोमवारी तिनं आपल्या मार्गदर्शकांना सगळं सांगून टाकलं. चार महिन्यांच्या नोंदींवर तांबडी रेघ आली. नव्यानं प्रयोग करायचा तर समितीची परवानगी पुन्हा, कारण तिथे एकेका उंदराचा हिशेब द्यावा लागतो. आमच्या गावात माणसांचा इतका हिशेब कोणी ठेवत नाही.

औषध फेनबेंडाझोल. गाईम्हशींना देतात तेच, इथे किलोभर खाण्यात अवघं 150 मिलिग्रॅम. एक आठवडा औषधाचं खाणं, एक आठवडा साधं, पुन्हा औषधाचं. उंदीर बिचारे जिभेखाली काही दडवत नाहीत. पण खरं युद्ध अंड्यांशी. ती धुळीत टिकतात, हवेबरोबर उडतात आणि साध्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत. म्हणून पिंजरे, भुसा, बाटल्या सगळं वाफेवर उकडायचं. पोरगी दोन महिने धोबीण झाली होती. मी मात्र फोनवर तिला विद्वत्ता ऐकवत होतो. आयव्हरमेक्टिन हे नामांकित औषध जपानातल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतून आलं आणि त्याचा गुण पहिल्यांदा दिसला तो जंत झालेल्या उंदरात. 2015 साली त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. उंदराला कोणी बोलावलं नाही.

"बाबा," ती एकदा म्हणाली, "घरातला उंदीर तिथे फिरकला की पुरतं. कपड्यांवरूनही अंडी जातात."

म्हणजे शहापूरच्या धान्याच्या खोलीतला एखादा बसभाडं न भरता तिच्या ओढणीवरून नागपूरला पोचला असेल काय? मी विषय बदलला.

शेवटी फोन आला. तीन वेळा पट्ट्या लावल्या, तिन्ही स्वच्छ. पुन्हा सुरुवात.

त्याच रात्री आमच्या स्वयंपाकघरात खट्ट झालं. पिंजऱ्यात एक गलेलठ्ठ सापडला होता. मी पिंजरा दिव्याखाली उचलून धरला आणि वाकून पाहू लागलो.

"अहो, शेपटीखाली काय बघताय?" बायको म्हणाली. "सोडून या लांब. की आधी गोळी द्यायची आहे?"