पायाशी ठेवलेला मॉनिटर

आजचा विषय यंत्राचा आहे आणि मी पडलो मराठी घेऊन बी. ए. झालेला निवृत्त मास्तर. "मामा, यंत्रातलं तुम्हाला काय कळतं?" असं माझे भाचे म्हणणारच. पण पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. लिहिलेलं नुसतं बरोबर असून भागत नाही, ते शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसावं लागतं. नाही दिसलं तर चूक पोराची नाही, फळ्याची आणि मास्तरची.

पेशंटला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना त्याच्याबरोबर एक छोटा मॉनिटर देतात. छातीला चिकटवलेल्या तारांवरून हृदयाचे ठोके, बोटाच्या चिमट्यावरून रक्तातला ऑक्सिजन आणि दंडाच्या पट्ट्यावरून रक्तदाब, असे तीन आकडे तो दाखवत राहतो. करोनाने बोटाचा चिमटा तर घरोघर पोचवला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई तो घेऊन वाडीवस्तीवर फिरत होत्या. त्यामुळे ९५ म्हणजे बरं आणि ८८ म्हणजे धावपळ, हे आता आमच्याकडे आजीबाईही सांगतात.

२०२४ च्या आषाढात आमच्या दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, भातलावणी चालू असताना बांधावरच चक्कर आली. वय एक्याऐंशी. लावणीला आता तो हात लावत नाही, पण बांधावर उभं राहून सूचना दिल्याशिवाय त्याला राहवत नाही. जवळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ताबडतोब पुण्याला हलवा म्हणाले. शेजारच्या मुलाने ओळखीतली एक खाजगी रुग्णवाहिका आणली. वहिनी, मी आणि एक तरुण डॉक्टर असे तिघं मागे बसलो. मॉनिटर ठेवला दादाच्या दोन पायांच्या मध्ये, कारण त्याला टांगायला दुसरी जागाच नव्हती.

पौडपासून चांदणी चौक वीसेक किलोमीटर. पाऊस धो धो, रस्ता खड्ड्यांचा. गाडी आदळली की पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायची आणि बीप बीप सुरू व्हायचं. रक्तदाबाचा पट्टा फुगायचा, सुटायचा, आणि आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा यायच्या. दादाची बोटं चिखलपाण्याने गार पडलेली, त्यामुळे चिमट्यालाही नाडी सापडेना. डॉक्टर त्याची बोटं चोळायचे, चिमटा या हाताचा त्या हाताला लावायचे. बीप थांबलं की पुन्हा सुरू.

पिरंगुटच्या घाटात वहिनी एकदम म्हणाल्या, "भावजी, तो हिरवा आकडा बघा की, अडतीस झालाय." आतल्या दिव्याचा उजेड पडद्यावर असा पडला होता की माझ्या जागेवरून मला नुसता दिवाच दिसत होता. डॉक्टर वाकले. आकडा खरा की धक्क्यांचा खेळ? त्यांनी ड्रायव्हरला ओरडून गाडी बाजूला घ्यायला लावली. गाडी थांबल्यावर दादाचं मनगट धरून घड्याळात बघत नाडी मोजली. अडतीसच होती. "काका, खरं आहे हे," एवढंच ते म्हणाले आणि पेनने स्वतःच्या तळहातावर वेळ आणि आकडा लिहिला. चांदणी चौक येईपर्यंत नाडी आपोआप सत्तरीवर आली होती.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर रुग्णवाहिकेच्या तारा काढल्या, मॉनिटर बंद झाला, तिथल्या यंत्राच्या तारा लावल्या. वरिष्ठ डॉक्टर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अडतीस होती तेव्हाची रेघ कुठे आहे?" रेघ कुठेच नव्हती. त्या मॉनिटरला कागदाची पट्टी नव्हती, आणि एकदा बंद केल्यावर आधीचं काही त्यात उरलं नाही. नव्या मॉनिटरवर सगळं व्यवस्थित. त्या तळहातावरच्या नोंदीवर विसंबून दादाला ठेवून घेतलं, नाहीतर "वय झालंय, थकवा आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी घरी पाठवायला हरकत नव्हती. दोन दिवसांनी, रात्री, तोच प्रकार वॉर्डातल्या मॉनिटरवर सापडला. हृदयातला विजेचा संदेश मध्येच अडत होता. पेसमेकर बसवला. दादा आता पुन्हा बांधावर असतो. "त्या डब्याला माझ्यापेक्षा जास्त धाप लागली होती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचतो आहे. माझ्या लक्षात आलं की त्या दिवशीचं एकही दुखणं आमच्यापुरतं नव्हतं.

रक्तदाबाचा पट्टा दंडातल्या नाडीची बारीक थरथर टिपतो. गाडीची थरथर त्यात मिसळली की कुठली कुठली, हे त्याला कळत नाही. बोटाच्या चिमट्याचं तसंच. एक लाल आणि एक न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून जातो आणि रक्त कुठला किती शोषतं यावरून हिशेब होतो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि तिने जगभर किती जीव वाचवले याला गणती नाही. पण बोट गार असेल, हलत असेल तर हिशेब चुकतो. आणखी एक गोष्ट वाचून मी चमकलो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की रक्तातला ऑक्सिजन कमी असूनही चिमट्याने तो ठीक दाखवला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. कातडीच्या रंगाचा प्रश्न तिथे १९९० पासून माहीत होता. आमच्या उन्हात रापलेल्या शेतकऱ्याने काय समजायचं?

आता त्या बीपचं. आमच्या शाळेत शिपाईमामा टोल द्यायचे. प्रार्थनेचा वेगळा, तास बदलल्याचा वेगळा, सुट्टीचा लांबलचक. पोरं न बघता ओळखायची. तोच टोल दर दोन मिनिटांनी वाजला असता तर? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणीच शिकलो. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला तो नेमका हाच. २००९ ते २०१२ च्या मध्यापर्यंत अशा घंटांशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या, आणि त्यांत ८० माणसं दगावली. घंटा वाजत नव्हत्या असं नाही, बऱ्याचदा त्या इतक्या वाजत होत्या की कानांनी ऐकणंच सोडलं होतं. आंतरराष्ट्रीय मानकात निरनिराळ्या धोक्यांसाठी निरनिराळ्या सुरावटी दिल्या होत्या, पण त्या लक्षात ठेवणं नर्सना जमेना. २०२० मध्ये ते मानक सुधारलं, आणि हृदयाच्या धोक्याला हृदयाच्या ठोक्यासारखाच आवाज, अशी सोपी कल्पना त्यात आली. शिपाईमामांना हे न शिकवता कळत होतं! शिवाय रुग्णवाहिकेत सायरनही असतो, आणि त्यापुढे मॉनिटरचा आवाज म्हणजे वरातीत बासरी.

तारांची गोष्ट तर ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. छातीच्या तारांना रंग असतात, पण रंगांच्या रीती दोन. युरोपच्या रीतीत लाल तार उजव्या हाताची, तर अमेरिकेच्या रीतीत तीच लाल डाव्या पायाची. दोन्ही रीतींची यंत्रं बाजारात आहेत. घाईच्या वेळी रंगावर विसंबणाऱ्या मुलीने काय करायचं? शिवाय एका कंपनीची तार दुसरीच्या मॉनिटरला बसेलच असं नाही. मग पेशंट एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर जाताना गोठ्यातली दावी सोडावीत तसं सगळं सोडा आणि पुन्हा बांधा. नेमका त्या हलवाहलवीच्या मिनिटांत पेशंटवर कुणाचीच नजर नाही. मोबाइलला एकच चार्जर असावा म्हणून युरोपने कायदा केला, २०२४ च्या डिसेंबरअखेर तो लागूही झाला. माणसाच्या छातीला मात्र अजून तो मान नाही.

सुधारणा होत नाहीत असं मी म्हणणार नाही. १९६५ मध्ये बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेतून नेता येईल असं, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र बनवलं, तेव्हा त्याचं वजन सत्तर किलो होतं. काही वर्षांत ते तीन-सव्वातीन किलोवर आलं. रुग्णवाहिकेत वापरायच्या उपकरणांनी धक्के, थरथर, पाणी, ऊन-थंडी सोसावी म्हणून २०१४ मध्ये वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आलं. योगायोग म्हणजे आपल्या महाराष्ट्रात १०८ ची सेवाही त्याच वर्षी, ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्या अत्यवस्थ रुग्णांसाठी जास्त उपकरणांच्या होत्या. धरणापलीकडच्या वाड्यांना एका फोनवर गाडी मिळणं ही माझ्या पिढीला स्वप्नातलीच गोष्ट होती.

पण यंत्र बनवणारा ते टेबलावर ठेवून बघतो, आणि विकत घेणारा कागदावरचे गुण बघतो. घाटात, पावसात, एका हाताने ऑक्सिजनची नळकांडी सावरत, दुसऱ्या हाताने मॉनिटर घसरू न देता स्ट्रेचर लिफ्टमध्ये घालणाऱ्या मामांना कुणी विचारतं का, की बाबा रे, हे कुठे टांगू? आकडा कुठून दिसला पाहिजे? बंद केल्यावर आत काय उरलं पाहिजे? माझ्या मते खरेदीचा कागद सहीला जाण्याआधी एक दिवस तो मॉनिटर त्या मामांच्या आणि नर्सताईंच्या हाती द्यावा आणि खड्ड्यांच्या रस्त्याने एक फेरी मारावी. खर्च डिझेलचा तेवढा.

नातेवाईक मंडळींसाठी मात्र एक सांगणं आहे. अशी वेळ कुणावर न येवो, पण आलीच तर बरोबर जाणाऱ्याने खिशात एक वही आणि पेन ठेवावं. पडद्यावरचा आकडा एकदम बदलला की डॉक्टरांना सांगावं आणि वेळेसकट तो लिहून घ्यावा. जमलं तर, डॉक्टरांना विचारून, मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा. आकड्यापेक्षा माणसाकडे जास्त बघावं: तो बोलतोय का, ओठांचा रंग कसा आहे, हात गार आहेत का. आणि मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजायला घरातल्या प्रत्येक पोराला शिकवावं. पाढ्यांइतकं सोपं आहे ते, आणि त्याला बॅटरी लागत नाही.