ङ आणि ऐन

जहाजी मालाच्या कागदपत्रांच्या नोकरीपायी मी आधी दुबईत राहिले, मग हाँगकाँगला. दोन्हीकडे इंग्रजीवर निभावतं. तरी दोन्हीकडची भाषा शिकले, आणि तेव्हापासून नात्यागोत्यातल्या कुणाला परदेशी भाषा शिकायची लहर आली की फोन माझ्याकडे येतो: "मावशी, अरबी सोपी की ती हाँगकाँगची?" विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा एक यादी वाचलेली असते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था अरबी आणि हाँगकाँगची कँटोनीज या दोन्हींना सर्वांत अवघड गटात बसवते. ८८ आठवडे, वर्गातले २२०० तास. यादी खोटी नाही, पण ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेली आहे. आपण मराठी तोंड आणि मराठी कान घेऊन जातो, तिथे हिशोब बदलतो.

हिशोब हा शब्दच मुळात अरबी. दुबईच्या देरा भागातल्या ऑफिसात माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांवर 'तारीख अल्-वुसूल' असं छापलेलं असायचं, म्हणजे माल पोहोचण्याची तारीख. वुसूल म्हणजे पोहोचणं. पैसे हाती पोहोचले की आपण 'वसूल झाले' म्हणतो, ते हेच. जहाज कंपनीचा एजंट तिथे 'वकील'. कुणाला काम सांगितलं की तो म्हणतो 'हादिर', आपला हजर. फारसीच्या वाटेनं आपल्या दफ्तरांत आलेले असे किती शब्द निघतील! संध्याकाळच्या वर्गातले इंग्रज आणि फिलिपिनो सोबती ते घोकत बसायचे. आकड्यांचंही तसंच. अरबीत पंचवीस म्हणजे 'खम्सा व इश्रीन', आधी पाच मग वीस. बाकीचे गोंधळायचे, मला त्यात नवल वाटत नव्हतं.

पण ही सूट लवकर संपते. अक्षरं २८ च, मात्र शब्दात सुरुवातीला, मध्ये, शेवटी आली की बरीचशी रूप पालटतात. ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. तीच अक्षरं 'मद्रसा' म्हणून वाचली तर शाळा, 'मुदर्रिसा' म्हणून वाचली तर शिक्षिका. म्हणजे शब्द आधी ठाऊक हवा, मग तो वाचता येतो! कोशही धातूनं लावलेले असतात. 'मक्तूब' शोधायचा तर म सोडून क-त-ब या तीन व्यंजनांकडे जायचं. एकदा ही किल्ली हाती आली की किताब, कातिब, मक्तब, मक्तबा ओळीनं उभे राहतात. ते सुख दुसऱ्या कुठल्या भाषेनं मला दिलं नाही. 'ऐन' या अक्षराचा उच्चार मात्र घशाच्या तळातून काढावा लागतो. 'ऐन वेळी' म्हणताना तो शब्द आपण अरबीतूनच घेतला, घसा तेवढा तिथेच ठेवला.

खरी अडचण पुढे आहे. वर्गात शिकवतात ती 'फुस्हा', बातम्यांची आणि पुस्तकांची अरबी. घरात ती कुणीच बोलत नाही. आमचे मिसरी गुरुजी वर्गाबाहेर पडले की 'इझ्झय्यक' म्हणायचे, गोदीवरचा अमिराती कारकून 'श्लोनक' म्हणायचा. पुस्तकातलं 'कैफ हालुक', म्हणजे 'कसे आहात', पुस्तकातच राहायचं. त्यात खाडीकाठच्या धक्क्यावर कच्छी खलाशांपासून पठाण हमालांपर्यंत सगळे हिंदीत बोलणार. दुबईत राहून अरबीचा सराव मिळवणं हे वेगळंच काम होतं.

हाँगकाँगला मी सूर ऐकायला शिकले. 'सी' एकच, सूर सहा: कविता, इतिहास, परीक्षा, वेळ, बाजार, बाब. आमच्या धंद्यात तर कहरच. 'माय' खालून वर चढवलं तर विकत घेणं, खालीच सपाट ठेवलं तर विकणं. इथे मराठी शब्दसंग्रह काडीच्या उपयोगाचा नाही. पण उच्चारांत आपण श्रीमंत ठरतो, हे मला वही देवनागरीत उतरवायला लागल्यावर कळलं. रोमन लिपीत 'डी' लिहितात आणि म्हणायचा असतो त, 'बी' लिहून प, 'जी' लिहून क. इंग्रजी वळणाच्या माणसाला क आणि ख वेगळे ऐकायला शिकावं लागतं. आपल्याला ते बाराखडीनं शिकवलेलं असतं. 'तो चे' म्हणजे आभार. त्यातला च अगदी 'चांगला'मधला. आणि 'वाङ्मय' सोडलं तर कधी कामी न आलेला आपला ङ तिथे चक्क शब्दाच्या आरंभी येतो. 'ङो' म्हणजे मी. नुसता 'ङ्' म्हणजे पाच. तरुण मंडळी तो गाळतात, आणि म्हातारी माणसं त्याला आळशी उच्चार म्हणून नाकं मुरडतात.

व्याकरण आटोपशीर. लिंग नाही, क्रियापदाची रूपं नाहीत. पण वाक्याच्या शेवटी जो एकेक बारका शब्द लागतो, त्यात सगळी भाषा आहे. शेजारच्या टेबलावरची बाई फोन ठेवून म्हणायची, "ख्योइ म् लै वो." तो येणार नाही म्हणे. तो 'वो' म्हणजे आपलं 'म्हणे', तसूभर इकडे-तिकडे नाही. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य लागतं.

लिहिण्या-बोलण्याची फाळणी मात्र इथेही आहे. वर्तमानपत्र मँडरिनच्या धाटणीच्या चिनीत असतं. बोलताना 'आहे'ला 'है' म्हणायचं आणि छापलेलं वाचताना 'सी'. शिवाय हाँगकाँगची लिपी जुनी, भरगच्च रेघांची. तिच्या नादी मी उशिरा लागले, ते बरं झालं. शाम श्वी पोच्या भाजीबाजारात 'केइ तो छिन', म्हणजे 'केवढ्याला', विचारायला लिपी लागत नाही. ऑफिसातले लोक आपला उच्चार ऐकताच इंग्रजीवर येतात; भाजीवाल्यांना त्याची फुरसत नसते, म्हणून शिकावं त्यांच्याकडेच.

तेव्हा माझा कौल असा. वाचायची आवड असेल, शब्दांची मुळं खणायला आवडत असेल, तर अरबी घ्या. मात्र आधी देश ठरवा आणि फुस्हाच्या जोडीनं तिथली बोली पहिल्या दिवसापासून धरा. माणसांत बोलायचंच असेल आणि हाँगकाँगला राहायचं असेल, तर कँटोनीज. मँडरिन शिकल्यावर ती आपोआप येईल, ही आशा सोडा. या दोन वेगळ्या भाषा आहेत. आणि कुठलीही घ्या, रोमनमधलं पुस्तक बाजूला ठेवून वही देवनागरीत लिहा. कँटोनीजच्या प्रत्येक शब्दावर सुराचा आकडा घालायला विसरू नका.